वैशाखात बसवलेली नळी

बोटीची नळी मी वाकडी बसवली, आणि रफिकने बुशचं भोक मोठं कापलं ते माझ्या सांगण्यावरून. ही दोन वाक्यं मी आजवर कोणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. पिणारा असतो तर एखाद्या मित्राजवळ बोलून गेलो असतो कदाचित, पण तेही नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. गिऱ्हाईक म्हणतं पंपाची मोटार जळली, मी म्हणतो ठेवून जा, आणि एवढ्यावर माझा दिवस निघतो. कमी बोलणाऱ्याला एक सोय असते. तो काही लपवून राहिला आहे असं कोणाच्या मनात येत नाही.

यंदाचा वैशाख लागला आणि धरणाचं पाणी हटायला लागलं, तसं मला दुकानात बसवेना. ऊन वर चढतं तसं पाणी खाली उतरतं, आणि त्याच्या पोटातलं एकेक बाहेर येतं. आधी बुडालेल्या बाभळींची काळी खोडं, मग जुन्या गाडरस्त्याचा उंचवटा, मग कोणाच्या तरी विहिरीची गोल कडा. दरवर्षी लोक एवढं पाहून परत येतात. यंदा पाणी त्याच्याही मागे गेलं. एका सकाळी धरणावर मासे धरणारा लक्ष्मण मोटारीचा कंडेन्सर घ्यायला दुकानात आला आणि सहज म्हणाला, "भाऊ, कप्तानाची नाव उघडी पडली ना. कुशीवर पडली हाय चिखलात, म्हशीवानी."

मी त्याला कंडेन्सर दिला. चुकीचा दिला. दुपारी तो बदलून घेऊन गेला.

वाशीम जिल्ह्यात बोट म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. हसू द्या, आम्हीही हसलो होतो. आसेगावचे दिनकरराव उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर होते. गावात त्यांना कप्तान म्हणायचे. कप्तान वेगळा असतो हे त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. नोकरी संपल्यावर ते कुसुमकाकूंना घेऊन गावी परतले, आणि दुसऱ्या वर्षी किनाऱ्यावरून एक जुनी फायबरची शिडाची बोट ट्रकवर टाकून घेऊन आले. तो ट्रक मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ थांबला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

"कायची टाकी हाय गा हे?" चहावाल्याने ड्रायव्हरला विचारलं.

"टाकी नोय, नाव हाय."

"मंग पानी कुठी हाय?"

दिनकरराव ट्रकच्या केबिनमधून उतरत होते. ते म्हणाले, "पानी तू चहात टाकतं ना, तेच पुरवून वापरू."

त्या बोटीला शीड होतं, पण आमच्या धरणावरचा वारा भरवशाचा नाही. सकाळी घेऊन जातो आणि दुपारी परत आणायला येत नाही. म्हणून परतीसाठी पोटात छोटं डिझेल इंजिन. इंजिनापासून एक लांब शाफ्ट मागे जातो, बोटीच्या तळातून पाण्यात उतरतो आणि टोकाच्या पंख्याला फिरवतो. तळात जिथून तो बाहेर पडतो तिथे एक नळी बसवलेली असते. शाफ्ट त्या नळीतून जातो. नळीच्या पाण्याकडच्या टोकाला बुश, म्हणजे शाफ्टला धरून ठेवणारी पितळेची कडी, आणि आतल्या टोकाला पाणी अडवणारी गिलँड. या बोटीची नळी गंजून चाळण झाली होती आणि तिच्या भोवतीचं फायबर कुजलं होतं. जुनी काढायची, नवी बसवायची, आणि ती अशी बसवायची की इंजिनाच्या मध्यापासून पंख्याच्या मध्यापर्यंत एकच सरळ रेघ निघाली पाहिजे. सगळं काम एवढंच.

दिनकररावांनी हे काम माझ्याकडे आणलं, कारण मी मोटारपंपवाला. आणि रफिककडे आणलं, कारण त्याचं लेथ. मंगरूळपीरमध्ये आमची दुकानं लागून होती, मधे एकच भिंत. त्या भिंतीतून ऐकून मला कळायचं की रफिक काय कापतो आहे. बिडाचं लोखंड असलं की खरखर, पितळ असलं की बारीक शिट्टी. तो उर्दू शाळेत शिकलेला. मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलायचा, पण वाचताना पाटीवरच्या एकेका अक्षरावर थांबायचा. आम्ही कित्येक वर्षं एकमेकांचा चहा प्यालो. माझ्याकडे आलेली शाफ्टची कामं मी भिंतीपलीकडे पाठवायचो. त्याचं निम्मं दुकान माझ्या शब्दावर चालायचं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे हेच आडवं आलं.

पाणी हटलेल्या जागी, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरांवर आणि मातीने भरलेल्या पोत्यांवर आम्ही बोट टेकवली. वर ताडपत्री. पहिल्याच दिवशी मी पिशवीतून लेव्हल काढली, तीच ती, काचेच्या नळीतला बुडबुडा मधे आला की पंपाचं फाउंडेशन बरोबर. विहिरीवर काम करणाऱ्या माणसाचा हात आधी लेव्हलकडेच जातो. मी ती इंजिनाच्या बैठकीवर ठेवली आणि बुडबुडा पाहत बसलो.

"ते खिशात घाल," दिनकरराव म्हणाले. "बोट काय विहिरीवरचा वटा हाय? पान्यात गेली की डोलन. तिले आभाळाशी काही घेनं नाई. इंजिन अन् पंखा, दोघांची नजर जुळली पायजे, बास."

रफिक हसला. "भाऊ पान्यालेच लेवल लावतीन आता."

मीही हसलो. लेव्हल खिशात घातली. ती माझ्या मांडीला टोचत राहिली तेवढी मला अजून आठवते, कारण त्या दिवसापासून दिनकरराव प्रत्येक गोष्ट रफिकला विचारायला लागले. "रफिक, भोक किती ठेवतं?" "रफिक, दोरी पाह्य बरं." मी तिथेच उभा असायचो, हातात पाना घेऊन.

कुजलेलं फायबर घासून काढताना जी पांढरी धूळ उडाली तिची खाज कोपराच्या आतल्या बाजूला अजून उठेल असं वाटतं. आम्ही धरणात डुंबलो, राख चोळली, काकूंनी दिलेलं खोबरेल लावलं. काही होईना. रफिक म्हणाला, "खाजकुयली परवडली, ते निदान झाड तरी हाय." काकू दुपारी डब्यातून ज्वारीच्या भाकरी, कांदा, आंबट कढी पाठवायच्या. पळसाची पानं ऊन खाऊन चामड्यासारखी झालेली. समोर भेगाळलेली माती, तिच्यापलीकडे पाण्याचा करडा पट्टा, आणि त्यावर ऊन असं थरथरायचं की पलीकडचा काठ जागचा हलतो आहे असं वाटायचं. सुखाचे दिवस होते ते, असं लिहायला हात धजत नाही, पण होते.

नळी फायबरमध्ये पक्की करायला भरतात त्या रेझिनचा वास मात्र विसरायला तयार आहे मी. पिकून सडलेल्या केळ्यांचा ढीग आणि त्यावर कोणी रॉकेल शिंपडलं असा. त्यात हार्डनर टाकला की ते घट्ट होत जातं, आणि घट्ट होताना स्वतःच तापतं. गुरुवारी संध्याकाळी दिनकररावांनी करवंटीत थोडं कालवून दाखवलं होतं.

"समुद्रावर आमी हे कालवलं की चहा पिऊन होईपर्यंत मऊ राह्यते. इथं दुपारी चहा कपात ओतेपर्यंत दगड होईन. मनून ऊन उतरल्याबिगर डबा उघडू नका. दोघंही आयका."

दोघंही, असं ते म्हणाले. पण पाहत माझ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते अनसिंगला नात्यातल्या लग्नाला गेले. रफिक जुम्म्याच्या नमाजाला मंगरूळपीरला गेला, चारच्या सुमारास येतो म्हणाला. नळी भोकात ठेवलेली होती, बाभळीच्या पाचरांनी चारी बाजूंनी दाबलेली, आणि तिच्यातून एक पांढरी दोरी ताणलेली, इंजिनापासून मागच्या खुंटीपर्यंत. दोरी नळीच्या दोन्ही तोंडांच्या बरोबर मधोमध. रफिकनेच ती सकाळी जुळवली होती. मला फक्त सावलीत बसायचं होतं, आणि बोटीच्या उन्हाकडच्या अंगावर टाकलेलं पोतं मधून मधून ओलं करायचं होतं.

माझा फोन वाजत होता. मंगरूळपीरजवळच्या एका संत्र्याच्या बागेची मोटार माझ्याकडे उघडी पडली होती. बागवाला दर तासाला फोन करून सांगायचा की पानं मुरगळून राह्यली. त्याला मी संध्याकाळचा शब्द दिला होता. नळीचं काम संध्याकाळी सुरू झालं तर मी अडकलो. हे कारण खरं आहे. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण हे लिहायला बसलो आहे तर पूर्ण लिहितो. मला ते काम एकट्याने करून ठेवायचं होतं. दोघं परत आले की त्यांना नळी बसलेली दिसली पाहिजे, आणि दिनकररावांनी एकदा तरी विचारलं पाहिजे, "तू केलं?"

मी डबा उघडला. बागवाल्याचा आणखी एक फोन आला म्हणून हार्डनर अंदाजापेक्षा सढळ हाताने टाकला. कालवायला घेतलं तेव्हा ते मधासारखं होतं. नळीच्या डाव्या अंगाला भरलं तोवर श्रीखंडासारखं झालं. उजवीकडे वळलो तर डब्यातून धूर निघत होता. पत्र्याचा डबा हाताला चटका देत होता. मी घाईने उजव्या बाजूला थापी मारली, ती जोरात बसली असावी, कारण खालची पाचर निसटून मातीत पडल्याचा आवाज मी ऐकला. छोटा आवाज. लिंबाची काडी मोडावी तसा.

वाकून पाहिलं. दोरी नळीच्या काठाला टेकली होती.

मी नळी धरून ढकलली. थोडी हलली, मग हलेना. पाचर उचलून आत घातली, हातोडीने ठोकली. पाचर मोडली. रेझिन माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्याचं करडं होत गेलं. तेव्हाही मी ते फोडून काढू शकलो असतो. छिन्नी तिथेच होती. फोडलं असतं तर नवी नळी खराब झाली असती, दोन दिवस वाया गेले असते, आणि कप्तानाने मला पाहिलं असतं, त्या लेव्हलच्या वेळी पाहिलं तसं. मी खिशातून चाकू काढला, दोरी कापली, आणि दोन्ही तुकडे गुंडाळून चहासाठी मांडलेल्या चुलीतल्या विस्तवावर टाकले.

रफिक आला तेव्हा मी पोतं ओलं करत होतो.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं. लवकरच जमलं."

"दोरी कुठी गेली?"

"रेझिन लागलं, कापून टाकली."

तो नळीजवळ बसला. तिच्या तोंडावरून त्याने बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग टोपी काढून घाम पुसला आणि टायरावर बसून राहिला. त्याचं ते न बोलणं मी आजपर्यंत वागवतो आहे, आणि माझं त्याने वागवलं.

शाफ्ट नळीत घातला तेव्हा तो एका जागी अडायचा. हाताने फिरवताना बरोबर त्या जागी जोर लागायचा. दिनकरराव त्या दिवशी काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. रफिक म्हणाला, "भाऊ, बुरा नका मानू, नळी बाजूले गेली वाटते."

"नळी जिथल्या तिथं हाय. बुश टाइट हाय तुझा."

"काकांनी सांगतलं त्याच मापाचा हाय."

"माप कागदावर असते. जरा अजून घे."

"अजून घेतला त ढिला होईन. शाफ्ट उडन आतमंदी."

"घे म्हटलं ना रफिक. मी पाह्यतो काकाचं."

तो बुश घेऊन दुकानात गेला. मी माझ्या दुकानात बसलो होतो आणि भिंतीतून ते ऐकत होतो, पितळेची ती बारीक शिट्टी. लेथ थांबलं. तो मोजत असणार. पुन्हा सुरू झालं. भिंतीवर एक थाप मारली असती तरी पुरे होतं. आम्ही रोज मारायचो, चहा आला की. मी मोटारीचं वाइंडिंग मोजत राहिलो आणि मोजणी चुकत राहिली.

शाफ्ट फिरला. एका बोटाने फिरला. दिनकररावांनी येऊन फिरवून पाहिला आणि रफिकच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याही ठेवला.

बोट पाण्यात उतरवली तेव्हा काकूंनी तिला हळदकुंकू लावलं आणि त्या काठावरच उभ्या राहिल्या. नवरा जन्मभर पाण्यावर, आणि ही बाई कधी घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. "मी इथूनच पाह्यतो," त्या म्हणायच्या. वऱ्हाडातल्या बाया बोलतात तशा, पुरुषासारखं पाह्यतो, जातो. पाच-सहा दिवस त्यांनी काठावरूनच पाहिलं. एके दिवशी मी त्यांना म्हणालो, "काकू, बसा ना बिनधास्त. मजबूत काम केलं आपण." हे मी का म्हणालो? त्यांना बसवण्यासाठी नक्कीच नाही. मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं आणि कोणी म्हणत नव्हतं, म्हणून मीच म्हणालो असेन.

इंजिन चालू असताना बोटीच्या तळाला एक बारीक कंप असायचा. दिनकरराव गिलँडजवळ तळहात ठेवून डोळे मिटायचे.

"थोडी थरथरून राह्यली ना."

"नवं हाय, काका. बसन," मी म्हणायचो. रफिक त्या वेळी दुसरीकडे पाहायचा, पाण्याकडे, पाखरांकडे, कुठेही.

ज्येष्ठात आमच्याकडे पावसाच्या आधीचं वादळ येतं. पाण्याचा थेंब नसतो, नुसती धूळ आणि वारा, आणि आभाळ पश्चिमेकडून विटेसारखं होतं. त्या दिवशी काकू पहिल्यांदाच दूरवर गेल्या होत्या, धरणाच्या मध्यापर्यंत. काठावर आम्ही सातआठ जण होतो. मी, रफिक, लक्ष्मण आणि त्याचे सोबती, दिनकररावांचे धाकटे भाऊ, चहावाला. वारा उठला. दिनकररावांनी शीड पाडलेलं आम्हाला दिसलं. मग इंजिनाचा आवाज वाढला. त्यांना परत यायचं होतं, वाऱ्याविरुद्ध, म्हणजे इंजिनावर पूर्ण जोर.

"येईन, येईन, कप्तान हाय तो," चहावाला म्हणाला.

आवाज बदलला. मोटारपंपवाल्याला हा आवाज ओळखू येतो. ढिल्या बुशात शाफ्ट उडायला लागला की आधी गुरगुर होते, मग ठोके पडतात. मी रफिककडे पाहिलं नाही. तो माझ्याकडे पाहतो आहे हे मला गालाला कळत होतं. ठोके वाढले आणि एकदम थांबले. बोट जागच्या जागी फिरली. थोड्या वेळाने तिचं तोंड वर दिसायला लागलं, म्हणजे मागून ती भरत होती. नळी एका बाजूने फायबरपासून सुटली असणार.

लक्ष्मण आणि त्याचे सोबती थर्माकोलच्या तराफ्यांवर पालथे पडून हातांनी पाणी मारत निघाले. वाऱ्याने ते तराफे आडवे होत होते. मला पोहता येतं. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि उभा राहिलो. धुळीने समोरचं दिसेनासं झालं. तेवढा वेळ, जेव्हा काही दिसत नव्हतं, तेव्हा माझ्या मनात काकूंचा विचार होता असं मला लिहायचं आहे. पण माझ्या मनात असं होतं की बोट बुडाली तर नळी कोणाला दिसणार नाही.

दोघं वाचले. काकूंना तराफ्यावरून काठावर आणलं तेव्हा त्यांनी ओल्या पदराची गाठ दातात धरलेली होती, ती त्या सोडेनात. पायात एकच चप्पल. दिनकरराव त्यांच्यामागून चालत आले, वाकलेले, आणि थेट रफिकसमोर उभे राहिले.

"तुले म्या बुशाचं माप सांगतलं होतं का नाई?"

"सांगतलं होतं, काका."

"मंग शाफ्ट कायनं उडला? ढिला कापला तू. मले वर बसून हाताले कळून राह्यलं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं होतं. "माह्या बायकोले बसवलं म्या त्याच्यात. तुह्या हातावर भरोसा ठेवून."

सगळे ऐकत होते. रफिकने माझ्याकडे पाहिलं. मी खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत होतो. तो किती वेळ सारखा करत होतो कोणास ठाऊक. मग रफिक म्हणाला, "चूक झाली, काका."

एवढंच. कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मनाने धरलं.

त्यानंतरचं फार हळू झालं. भांडण नाही, बहिष्कार नाही, फक्त चेष्टा. शाफ्ट घेऊन आलेला माणूस हसत म्हणायचा, "रफिकभाई, बोटीसारका नोको करजो बरं." दुसरा म्हणायचा, "विहिरीत बुडवतं का आता आमाले?" रफिकही हसायचा. हळूहळू लोक वाशीमला, कारंज्याला जायला लागले. खराद्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, दुसरं असतं काय, हात असतो, आणि त्या हाताबद्दल लोकांना वाटतं ते असतं. माझ्याकडे आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्या शेजाऱ्याकडे नोको देऊ भाऊ, तो माप खाते." मी हसलो. खोटं नाही लिहीत. मी हसलो, आणि ते काम वाशीमला पाठवलं. भिंत मधे एकच, हे मला माहीत होतं.

लेथ विकलं तेव्हा टेम्पोत चढवायला मीही हात लावला. दोर आवळून झाल्यावर तो माझ्याजवळ आला, हातावरचं ग्रीस पुसत.

"भाऊ, मले वाटलं होतं तुमी बोलसान."

मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करजो."

तो अकोल्याला गेला. तिथे दुसऱ्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहतो. ईदेला त्याचा फोन येतो, पहिल्यासारखाच बोलतो, माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतो. त्याच्या मुलीच्या निकाहला मी गेलो, जेवलो, परत आलो. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भिंतीतून दिवसभर कसली तरी गाणी येतात.

परवा दिनकररावांचा फोन आला. "बोट उघडी पडली म्हनते. मले घेऊन चाल."

नाही म्हणायला कारण सुचेना. सकाळी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. आता त्यांना फार दिसत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं ते करून घेत नाहीत. भेगाळलेल्या मातीतून मी त्यांचा हात धरून चालवलं. बोट कुशीवर पडलेली होती, शेवाळ वाळून तिच्यावर कागदासारखं सुटलेलं. तळाचं भोक आमच्याकडे तोंड करून. त्यात नळी अजून लटकलेली होती, एका बाजूच्या रेझिनच्या गठ्ठ्याला धरून. मला दुरूनच दिसलं. कोणालाही दिसलं असतं.

"कुठी हाय?" ते म्हणाले. मी त्यांचा हात तिथे नेऊन ठेवला. न्यावा लागला.

त्यांची बोटं नळीवरून फिरली. डाव्या अंगाला थांबली, उजव्या अंगाला गेली, परत डावीकडे आली. वर टिटवी ओरडत फिरत होती. आम्ही तिच्या अंड्यांच्या फार जवळ आलो असू.

"एका आंगानं जाड हाय."

"हव."

"कधी ओतलं होतं रे? ऊन उतरल्यावर?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी काय म्हणेन हे मी हजारदा ठरवलं होतं. "नाई," मी म्हणालो. "दुपारी. तुमी अनसिंगले गेले होते. मी एकटाच होतो."

नखाने ते रेझिनची कड खरवडत राहिले. मला वाटलं आता सुटलं. मग त्यांनी पुढचं विचारलं. फिटर होते ते, पुढचं विचारणारच.

"नळी एवढी बाजूले होती त शाफ्ट हातानं फिरला कसा?"

याचं उत्तर एकच आहे. बुश मोठा केला म्हणून फिरला. बुश कोणी मोठा करायला लावला, तेही एकच आहे. मी तोंड उघडलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, नुसता कान माझ्याकडे होता. मी म्हणालो, "ऊन चढून राह्यलं, काका."

"हव," ते म्हणाले. "चाल."

घराच्या फाटकाशी उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "म्या त्याले चारचौघात बोललो होतो." मग काठी टेकत आत गेले. काकू ओट्यावर मेतकूट चाळत होत्या. त्यांनी मला पाणी विचारलं. मी नको म्हणालो.

हे लिहून काढलं म्हणून बोलल्यासारखं होत नाही, हे मला कळतं. रफिक हे वाचणार नाही, आणि धरणाच्या काठावर त्या दिवशी जी माणसं उभी होती त्यांतलंही कोणी वाचणार नाही. लक्ष्मण आहे, चहावाला आहे, दिनकररावांचे भाऊ आहेत, सगळे अजून आहेत. रफिकला अकोल्याहून बोलावून, त्याला माझ्या शेजारी उभं करून, दिनकररावांच्या आणि या सगळ्यांच्या समोर मला एवढं म्हणायचं आहे की नळी मी बिघडवली, बुश मी मोठा करायला लावला, आणि रफिकचा हात चुकला नव्हता. हे मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.